फेसाचं यंत्र

तयार मिळतं!... माहितीय मला, तयार मिळतं! काचेचं मिळतं, प्लास्टिकचं मिळतं, खोक्यावर हसणाऱ्या माशाचं चित्र असलेलं मिळतं, फोनवरून मागवलं तर परवा सकाळी दारात हजर होतं, सगळं सगळं माहितीय! गेले सहा महिने जो भेटेल तो मला हेच ऐकवतोय. बायको ऐकवते, साडू ऐकवतो, सुतार ऐकवतो, आणि तो नळाचं सामान विकणारा... ज्याच्या दुकानातून मी आत्तापर्यंत पोतंभर पाइप नेला असेल, तोसुद्धा करवतीनं पाइप कापता कापता मान वर करतो आणि म्हणतो, "काका, पण हे तयार मिळत असेल ना?" अरे, तू पाइप काप ना बाबा! तुझं काय अडलंय?

बसा हो, बसा, उठू नका. मी काही विकायला आलेलो नाही. नुसतं ऐका आणि तुम्हीच सांगा.

तर तुम्हाला सांगतो, मी धंद्यानं वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा माणूस. एकतीस वर्षं झाली. आणि ह्या एकतीस वर्षांत माझा वैरी एकच... फेस! सकाळी फोन वाजला की पलीकडून आवाज येतो, "अहो, लवकर या, मशीनमधून फेस येतोय, फेस पार हॉलपर्यंत आलाय, फेसात आमचं मांजर दिसेनासं झालंय!" मी जातो. मी विचारतो, "बाई, पावडर किती टाकता?" तर म्हणे, "थोडीशीच." थोडीशीच म्हणजे? तर वाटीभर! आणि वर, "नवरा फार घाम गाळतो हो आमचा!" नवरा तिथंच सोफ्यावर आडवा! म्हणजे फेस कसा घालवायचा हे मला कधीही विचारा, धडाधड सांगेन. आणि अशा माणसावर पंचावन्नाव्या वर्षी काय वेळ यावी? फेस काढायचं यंत्र बनवायची! समुद्राच्या पाण्याचा फेस! घरात! स्वतःच्या हातानं!

आता तुम्ही म्हणाल, वॉशिंग मशीनवाल्याच्या घरात समुद्र आला कुठून? साडूकडून. घरात असलं काही अचानक उपटलं ना, की जरा मागे वळून बघा, साडू उभा असतो.

आमच्या साडूसाहेबांच्या दिवाणखान्यात सोफ्याएवढी टाकी आहे. खाऱ्या पाण्याची. आत प्रवाळ. आता प्रवाळ म्हटल्यावर मला वाटलं अंगठीतला खडा, तो काय बघायचा? पण नाही, जिवंत प्राणी असतो हो तो! हलतो, खातो, मिटतो, उघडतो. आणि साडूचं सगळं विकतचं. दिवे विकतचे, पंप विकतचे, पाणी किती खारट ते सांगणारं यंत्र विकतचं, आणि सगळ्याचा हिशोब फोनवर. मला म्हणतो, "मी ऑफिसात बसल्या बसल्या घरातली लाट कमी-जास्त करतो." अरे, ऑफिसात बसल्या बसल्या ऑफिसचं काम कर की!

पण हे सगळं ठीक आहे. साडूची टाकी साडूपाशी. मी कशाला त्यात पडलो असतो? खरी गोष्ट आहे आमच्या सासूबाईंची.

आमच्या सासूबाई म्हणजे, शाळेच्या प्रयोगशाळेत छत्तीस वर्षं मदतनीस. नळ्या धुणं, द्रावणं बनवणं, मुलांनी भलतं त्यात भलतं मिसळलं की खिडक्या उघडणं, सगळं त्यांच्याकडे. आणि प्रश्न! ह्या बाईला प्रश्न किती पडावेत? मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, होणारा जावई म्हणून, नवा शर्ट घालून. लोक विचारतात शिक्षण किती, पगार किती. ह्यांनी विचारलं, "मशीन गरगर फिरतं तेव्हा कपडे कडेला का चिकटतात हो, मधे का नाही?" मी तेव्हाच ठरवलं, मुलगी कशीही असो, सासू हीच पाहिजे!... हे आमच्या हिला सांगू नका.

आणि मागच्या वर्षी सासरे गेले. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, आणि आल्या त्या गप्पच झाल्या. खिडकीशी खुर्ची, खिडकीपलीकडे शेजारच्या इमारतीची भिंत, आणि सासूबाई भिंतीकडे बघतायत. एकच शब्द उरला. "आई, चहा ठेवू?" "चालेल." "पंखा बंद करू?" "चालेल." "मग चालूच राहू दे का?" "चालेल." एकदा मी मुद्दाम विचारलं, "आई, गच्चीवर जाऊन उलटं लटकू या का?" तर म्हणाल्या, "चालेल." अहो, मी हसायला विचारलं होतं, आणि स्वयंपाकघरात आमची ही रडायला लागली. आठ महिने असे.

मग एका रविवारी साडूकडे गेलो. सासूबाईंना टाकीसमोर बसवलं, त्या बघतायत, म्हणजे भिंतीकडे बघायच्या तशाच बघतायत, आणि अचानक पुढे वाकल्या, काचेला नाक लावलं आणि म्हणाल्या, "ह्याचं तोंड कुठंय?"

आमच्या हिनं माझा दंड असा काही धरला की चार नखं उमटली. साडू सांगतोय, "आई, हे बटणासारखं फूल दिसतंय ना, हा एक प्राणी, आणि मधोमध ती फट दिसते ते तोंड." "आणि पोटातली घाण कुठून बाहेर टाकतो?" "त्याच तोंडातून." "अस्सं!"... हा 'अस्सं' आम्ही आठ महिन्यांनी ऐकला हो! आणि त्या आनंदात मी, बोलू नये ते बोलून गेलो. म्हटलं, "आई, आपल्या घरी करू या हे. त्यात काय एवढं? मी बनवतो सगळं!" साडूनं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाला, "बनवता? अहो, तयार मिळतं!"

झालं. तिथून सुरुवात.

माळ्यावर आमच्या मुलीच्या लहानपणची काचेची टाकी होती, ती खाली काढली. पाणी फिरवायला पंप पाहिजे, तर पंपांची मला काय कमी? मशीनमधलं पाणी बाहेर फेकणारा एक मोठा पंप लावला. आता तो पंप चिखलाचं पाणी वरच्या मजल्यापर्यंत ढकलणारा. बटण दाबलं आणि पाणी थेट समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर! सासूबाईंनी पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "जावईबापू, समुद्र रोज एवढा रागावलेला असतो का?" मी म्हटलं नाही. "मग ह्याला जरा समजवा." छोटा पंप लावला.

मीठ आणलं, म्हणजे जेवणातलं नव्हे, समुद्राचं पाणी बनवायचं वेगळं मिळतं... हो, ते तयारच मिळतं, तेवढं मी विकत आणलं, समुद्रच घरी बनवायला मी काय वेडा आहे? आणि सासूबाईंनी ट्रंकेतून कापसात गुंडाळलेली काचेची एक नळी काढली, पाण्यात सोडली की तरंगते, किती वर तरंगते त्यावरून पाणी किती खारं ते कळतं. शाळेनं निवृत्तीच्या दिवशी त्यांनाच दिलेली. बाकीच्यांना घड्याळ देतात, ह्यांनी नळी मागून घेतली होती! मग वही आली, पेन्सिल आली, भिंग आलं. खिडकीशी असलेली खुर्ची उचलून त्यांनी स्वतः टाकीसमोर आणून ठेवली. दीड महिना टाकीत नुसतं पाणी आणि दगड, तरी ह्या रोज दोनदा मोजून लिहीत होत्या. "आई, आत कुणीच नाहीये अजून." "म्हणूनच तर आत्ता मोजायला हवं. आल्यावर काय बदललं ते कसं कळणार?" बोला!

मग साडूनं त्याच्या प्रवाळाचा एक तुकडा कापून दिला. किती मोठा? अंगठ्याच्या नखाएवढा! त्यावर सात तोंडं. सासूबाईंनी भिंगातून मोजली, "सात." आणि वहीत लिहिलं, सात. जोडीला बोटाएवढा एक केशरी मासा. आणि जाता जाता साडू दारात थांबून मला म्हणाला, "जगवा म्हणजे झालं. आईंचा जीव गुंतलाय त्यात." अहो, हे मला सांगायला हवं होतं का? मला माहीत नव्हतं? पण बोलून गेला तो गेलाच, आणि ते वाक्य माझ्या छातीवर बसलं ते बसलंच.

आणि गडबड कुठून झाली? प्रश्नांमुळेच! सासूबाईंना प्रश्न पडला, मासा डावीकडचं आधी खातो की उजवीकडचं? एक चिमूट डावीकडे, एक चिमूट उजवीकडे. मग आवाज केल्यावर येतो की सावली पडल्यावर येतो? आणखी एक चिमूट. सकाळी जास्त खातो की दुपारी? आणखी दोन. माशाची चैन! पण न खाल्लेलं सगळं पाण्यात, आठवड्यात पाणी गढूळ, आणि वहीत लिहिलेलं, "आज पाच तोंडं उघडी, दोन मिटलेली." सासूबाईंचा चेहरा उतरला.

साडूला फोन लावला. तो म्हणे, "किनाऱ्यावर फेस बघता ना? लाटा आपटून आपटून समुद्र स्वतःची घाण फेसात घालून बाहेर टाकतो. टाकीत ते काम एक यंत्र करतं, स्किमर म्हणतात. उंच नळी असते, त्यात बारीक बारीक बुडबुडे सोडायचे, बुडबुड्यांना घाण चिकटते, फेस होऊन वर चढतो आणि वरच्या पेल्यात पडतो. पेला ओतून टाकायचा, झालं. सोपं असतं..." मी वाट बघत होतो, आता म्हणणार, आता म्हणणार... "तयार मिळतं!" मी फोन ठेवला.

आणि खरं सांगू का? घेणारच होतो विकत. चपला घातल्या होत्या! तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "पण बुडबुड्याला घाण चिकटते कशी हो? बुडबुड्यात तर काहीच नसतं." आणि मी दारात उभा राहिलो. एकतीस वर्षं फेसात हात घालतोय मी, एकतीस वर्षं! मला कधी पडला नाही हो हा प्रश्न. फेस कपड्यातला मळ उचलतो, म्हणजे... तेच की! तेच काम! ज्याला मी वैरी समजत होतो तो बिचारा मळच वाहत होता! मी चपला काढल्या. म्हटलं, "आई, बघू या कसा चिकटतो ते."

आता बारीक बुडबुडे काढायचे कसे? तर मऊ लाकडाच्या ठोकळ्यातून हवा दाबून सोडली की निघतात म्हणे. गेलो सुताराकडे. "लाकडाचे तुकडे पाहिजेत, वेगवेगळ्या जातीचे, काडेपेटीएवढे." "कशाला?" "बुडबुडे काढायला." सुतारानं कानामागची पेन्सिल काढली, माझ्याकडे बघितलं, परत कानामागे ठेवली. "घरी सगळं बरंय ना?" म्हटलं, एकदम बरंय, खूप दिवसांनी बरंय. अकरा तुकडे दिले त्यानं, आणि पिशवी हातात देताना... म्हणालाच! "पण असलं काही तयार मिळत असेल बघा!"

घरी आल्यावर प्रत्येक तुकड्याला भोक पाडून नळी बसवली. हवेचा पंप अजून यायचा होता, पण सासूबाईंना धीर कुठला? म्हणाल्या, "तोंडानं फुंकून बघू." टेबलावर अकरा पेले, अकरा तुकडे, मागे आलेखाचा कागद, बुडबुडे किती मोठे ते चौकटींवर मोजायला. मी फुंकतोय, त्या भिंगातून बघतायत, "जोरात! नमुना क्रमांक चार, जोरात!", मी फुंकून फुंकून लालबुंद, मग मी दमलो तर त्या फुंकायला लागल्या, आणि तेवढ्यात आमची ही कामावरून आली. दारात उभी. जन्मदाती आई आणि लग्नाचा नवरा समोरासमोर बसून लाकडं फुंकतायत! मला वाटलं आता तोफ सुटणार. तिनं पर्स खाली ठेवली, पदर खोचला आणि विचारलं, "नमुना क्रमांक पाच कोणी घेतलाय?"

नळी झाली, पेला झाला, नमुना क्रमांक नऊ जिंकला तो आत बसवला, हवेचा पंप जोडला. बाथरूममधल्या बादलीत तपासायला घेतलं. बुडबुडे आले आणि गेले. फेस? शून्य. दुसऱ्या दिवशी नळी लांब केली. शून्य. तिसऱ्या दिवशी अरुंद केली. शून्य! अहो, साबणाच्या एका थेंबात जो माणूस बुडून जातो, त्याच्या हातून फेस होऊ नये? जाम चिडलो. सासूबाई बाथरूमच्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या, जरा बघितलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, समुद्राचं यंत्र तुम्ही नळाच्या पाण्यात का तपासताय?"

...

बादलीत मीठ घातलं. आणि तुम्हाला सांगतो, तोच पंप, तोच तुकडा, पण मघाशी मटाराएवढे असलेले बुडबुडे एकदम पिठासारखे बारीक! नळी दुधाळ दिसायला लागली. सासूबाई खालीच बसल्या फरशीवर. "मिठानं बुडबुडे बारीक का होतात?" म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मलाही नाही." आणि इतक्या खूश होत्या! सत्तराव्या वर्षी माहीत नसलेलं काहीतरी सापडलं म्हणून एवढा आनंद झालेला माणूस मी बघितला नव्हता.

मग शेवटचं काम. नळी आणि पेला ह्यांच्यामध्ये रबराची रिंग बसवायची, गळू नये म्हणून. ती मी बसवली, यंत्र टाकीला लावलं, बटण दाबलं, आणि... फेस! असा फेस, असा फेस म्हणता! नळीतून वर, पेल्यात, पेला भरला, झाकण उचललं गेलं, बाहेर आला, टेबलावर आला, मी नाचतोय! रविवार सकाळ. शेजाऱ्यांना बोलावलं. साडूला फोन केला, "या, बघायला या, तयार मिळत नाही असलं!" तो खरंच आला हो, अर्ध्या तासात, आणि बघतच राहिला. "माझ्या विकतच्या यंत्रानं सहा महिन्यांत एवढा काढला नाही," म्हणाला. साडू! स्वतःच्या तोंडानं! मी म्हटलं, आता मी डोळे मिटायला मोकळा.

सगळे टाळ्या वाजवतायत. एक माणूस सोडून. सासूबाई खुर्चीतच. त्यांनी हळूच विचारलं, "फेस पांढरा का?"

"म्हणजे?"

"घाण बाहेर येतेय ना? मग पांढरीशुभ्र कशी?"

साडूनं चष्मा काढला. म्हणाला, "हो... माझा चहाच्या रंगाचा असतो, आणि घाण वास येतो." सासूबाई उठल्या, दोन बोटांवर फेस घेतला, बोटं एकमेकांवर घासली. आणि माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे, शाळेत नळी फोडलेल्या मुलाला विचारावं तसं विचारलं, "जावईबापू, ती रबराची रिंग बसवताना हाताला काय लावलं होतं?"

अहो, एकतीस वर्षं! मशीनच्या दाराचं रबर कोरडं बसत नाही, त्याला भांड्यांच्या साबणाचं बोट लावायचं, सुर्रकन बसतं. प्रत्येक मेकॅनिक हेच करतो. मी ठरवून लावलाच नव्हता साबण, हातांनी लावला! मला विचारलंच नाही त्यांनी! म्हणजे मी ज्याच्यापुढे नाचत होतो तो समुद्राचा फेस नव्हताच, तो माझा जुना वैरी होता. आणि तो टाकीत उतरला होता.

वाकून बघितलं. सातच्या सात तोंडं घट्ट मिटलेली.

मग काय धावपळ! साडू त्या दिवशी एक शब्द जास्त बोलला नाही. शर्टाच्या बाह्या दुमडल्या, घरी गेला, स्वतःच्या टाकीतलं पाणी चार कॅनमध्ये भरून घेऊन आला. मासा बादलीत ठेवला. तुकडा ठेवायला भांडं पाहिजे, पण साबण न लागलेलं भांडं घरात असतं कुठं? शेवटी मशीनच्या दाराची जाड काच, खोलगट असते बघा, कोरी करकरीत एक माझ्या सामानात होती, ती उकळत्या पाण्यानं धुतली, त्यात साडूचं पाणी, त्यात तो नखाएवढा जीव. टाकी रिकामी केली, सात वेळा खंगाळली, परत भरली, तुकडा परत आत ठेवला. तोंडं मिटलेलीच.

दुसरा दिवस. मिटलेलीच. तिसरा दिवस. सासूबाईंनी वही उघडली, बघितलं, काही न लिहिता मिटली. चौथ्या दिवशी मी सकाळी बघतो तर खुर्ची परत खिडकीशी. मी म्हटलं, "आई, चहा ठेवू?"

"चालेल."

तुम्हाला सांगतो, मशीनच्या विजेचा झटका मला आजवर तीनदा बसलाय. तिन्ही मिळून एवढा लागला नव्हता, जेवढा हा एक शब्द लागला. आमची ही पलीकडे भाजी चिरत होती, सुरीचा आवाज थांबला. कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. निदान एखाद्यानं म्हणायचं, "तरी सांगत होतो, तयार मिळतं!" साडूसुद्धा म्हणाला नाही हो. साडूसुद्धा!

मी यंत्र पूर्ण उघडलं. लाकूड फेकलं, नमुना क्रमांक नऊच्याच जातीचा दुसरा तुकडा सुताराकडून आणला. नळी गरम पाण्यानं धुतली, मग खाऱ्या पाण्यानं, मग परत गरम. आणि ती रिंग, नवीन, कोरडी, नुसतं मिठाचं पाणी लावून बसवायला घेतली. दीड तास लागला! हात आपोआप साबणाकडे जायचा, मी परत ओढायचो. शेवटी हिला म्हटलं, घरातला साबण लपवून ठेव, तिनं तो शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला. यंत्र लावलं. फेस? नाही. साडू म्हणाला, नवं यंत्र असतं, आठवडा घेतं. मी रोज कामावर जाताना बघायचो, आल्यावर बघायचो. लोकांच्या घरी फेस बघितला की हेवा वाटायचा. एक बाई म्हणाली, "मशीनमधून फेस येतोय." म्हटलं, नशीबवान आहात!

आणि सातव्या दिवशी, दुपारची वेळ, जेवायला घरी आलो होतो. पेल्यात बघतो तर तळाशी चमचाभर काहीतरी. झाकण उघडलं आणि... शी! काय तो वास! सडका, कुबट, नाक धरून पळावं असा. रंग चहाचा! मी तो पेला दोन्ही हातांत धरून तसाच खिडकीशी गेलो आणि सासूबाईंच्या नाकाखाली धरला. दुसऱ्या कुठल्याही जावयानं हे केलं असतं तर घराबाहेर काढला असता. त्यांनी वास घेतला. परत घेतला. आणि म्हणाल्या, "हा खरा!" उठल्या, टाकीपाशी गेल्या, भिंग डोळ्याला लावलं, आणि माझ्याकडे पाठ करून उघडी तोंडं मोजायला लागल्या. एक. दोन. तीन... सहा. सात. थांबल्या. परत पहिल्यापासून मोजलं. मग वळल्या, आणि चेहऱ्यावर असं नवल, की काय सांगू!

"जावईबापू... हे आठवं कुठून आलं?"

मला रडू आलं हो. पंचावन्न वर्षांचा माणूस, हातात घाणीचा पेला, आणि रडतोय. आता सांगा, तयार आणलं असतं तर? आठवडाभरात चहाच्या रंगाचा फेस आला असता, पाणी स्वच्छ झालं असतं, सगळं ठीक. पण फेस पांढरा का, हे कुणी विचारलं असतं? मीठ घातल्यावर बुडबुडे बारीक का, हे? खोक्याबरोबर नळी मिळते, प्लग मिळतो, एक वर्षाची हमी मिळते. प्रश्न मिळत नाहीत.

इथं संपायला हवं होतं, नाही का? तेच तर! परवा परवाची गोष्ट. सासूबाई टाकीकडे बघतायत, आणि म्हणतात, "जावईबापू, आपल्या पंपाचं पाणी सारखं एकाच बाजूनं येतं. समुद्रात लाट येते, थांबते, परत जाते. ह्या आठांना कंटाळा येत नसेल?" आणि लगेच पुढचं, "आपलं कपड्यांचं मशीन एकदा इकडे फिरतं, थांबतं, मग तिकडे फिरतं ना? ते त्याला कोण सांगतं?"

आता ते सांगतो टायमर. जुन्या पद्धतीचा, खटक्याचा. इकडे खट्, जरा दम, तिकडे खट्. दोन बाजूंना दोन पंप लावून मधे तो टायमर जोडला की झाली लाट! पण हल्लीच्या मशीनमध्ये तसला येत नाही. जुनी मशीनं भंगारात गेली. तसला टायमर असलेलं चालू मशीन माझ्या माहितीत एकच उरलंय. आमच्या बाथरूममधलं!

आणि आयुष्यात पहिल्यांदा, अगदी नाइलाजानं, माझ्याच तोंडून गेलं, "आई... लाटांचं यंत्र तयार मिळतं हो."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "हो का?" म्हणाल्या. मग वही मिटली. "मग चालेल."

चालेल!

आमची ही मशीनमध्ये कपडे टाकत होती, एक शर्ट हातात, तशीच थांबली. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. शर्ट परत बादलीत टाकला आणि मला म्हणाली, "काढा."

काढला! लाट काय सुंदर येते म्हणता, या एकदा बघायला. नववं तोंड फुटतंय. आणि मी, एकतीस वर्षं गावाची मशीनं दुरुस्त करणारा माणूस, रोज सकाळी घरचे कपडे गाठोड्यात बांधून लाँड्रीत नेतोय. त्या लाँड्रीवाल्याचं मशीनसुद्धा मीच दुरुस्त करतो हो! काल त्यानं गाठोडं घेतलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "काका, आता काय कपडे धुवायचं मशीनपण घरीच बनवायला घेतलंत? अहो, तयार मिळतं!"

...माहितीय रे बाबा. माहितीय मला. तू कपडे मोज.